२,४१,३०० किलोमीटर चाललेली इनोव्हा घेतली, त्याला चौदा महिने झाले

गाडी ताब्यात घेतली तेव्हा मीटरवर २,४१,३०० होते. आज सकाळी पाहिले तर २,६८,९००. मधले २७,६०० किलोमीटर मी स्वतः चालवलेत, निम्म्याहून जास्त घाटातून. घेण्याआधी महिना-दीड महिना मला नीट झोप नव्हती. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "अडीच लाख किलोमीटरला आलेली गाडी? नाद सोड." म्हणून नीट सगळं लिहितोय. त्या वेळी मला असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

आम्ही चिपळूणचे. घरात सात माणसं, आणि आईला दर महिन्याला उपचारासाठी कराडला न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. सगळं मिळून सात लाखांच्या वर जायचं नव्हतं. त्यात नवी सात सीटर बसत नव्हती. कमी चाललेली सात सीटर बसत होती, पण त्यातल्या बहुतेक गाड्या खरंच तेवढ्याच चाललेल्या आहेत यावर माझा विश्वास बसेना. त्याला कारण घडलं.

पुण्यात एका डीलरकडे २०१४ ची गाडी पाहिली. मीटर ७८,०००. बाहेरून चकाचक, आत नवीन सीट कव्हर. मी खाली वाकून पॅडल पाहिली तर क्लचच्या रबरावरच्या रेघा पार गुळगुळीत, एका कोपऱ्यात लोखंड दिसत होतं. अठ्ठ्याहत्तर हजारांत रबर एवढं झिजत नाही. चासी नंबर घेऊन ओळखीच्या माणसाकडून अधिकृत सर्व्हिसची नोंद काढली. २०२१ मध्येच ती गाडी १,६४,००० ला सर्व्हिसला आली होती. डीलरला दाखवलं तर म्हणाला, "आमच्याकडे आली तेव्हा असंच होतं." त्या दिवशी मी ठरवलं की आकडा मोठा असला तरी चालेल, पण तो खरा पाहिजे, आणि त्या आकड्यापर्यंत गाडी कशी आली हे कागदावर दिसलं पाहिजे.

चिपळूणच्या माणसाला आणखी एक धास्ती असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा छपरापर्यंत बुडालेल्या गाड्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरचंही तेच झालं होतं. अशा गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकायला येतात, आणि वायरिंग वर्षभराने रडायला लागतं. म्हणून कुठलीही गाडी पाहायला गेलो की पहिल्यांदा सीट बेल्ट ओढायचो, अगदी संपेपर्यंत. वरचा दीड-दोन फूट पट्टा सगळे धुतात. आत गुंडाळलेल्या शेवटच्या टोकाला कुणी हात लावत नाही, गाळाची रेघ असली तर तिथे सापडते. मग सीटखालच्या रुळांचे बोल्ट पाहायचे. आम्ही पाहिलेल्या नऊ गाड्यांपैकी एकीच्या पट्ट्यावर अशी रेघ मिळाली. मालक नदीपासून लांब राहणारा होता आणि त्यालाही हे माहीत नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

शेवटी मिळाली ती साताऱ्याच्या एका कंत्राटदाराची. २०१३ ची, एमएच ११ पासिंग, जीएक्स मॉडेल, पहिला मालक, पांढरी पाटी म्हणजे खासगी, टॅक्सी नव्हे. मीटर कसलाही आडपडदा न ठेवता २,४१,३००. जुन्या इनोव्हातलं २.५ लिटरचं डिझेल इंजिन, १०२ अश्वशक्तीचं. आजच्या मानाने ताकद बेताचीच. पण हे इंजिन टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं लाखांनी पळवलंय, गल्लीतल्या मेस्त्रीला त्याचा स्क्रू न स्क्रू पाठ आहे, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. खाली चासीची भक्कम फ्रेम, मागच्या चाकांना ओढ. बीएस-६ च्या आधीची असल्याने डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भानगडही नाही.

पाहायला जाताना आमच्या मेस्त्रींना सोबत नेलं, दिवसाचे पैसे देऊन. हे पैसे वाचवू नका. मालकाला आदल्या दिवशीच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. मेस्त्रींनी गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. मग चालू केली. एका सेल्फमध्ये लागली, जरासा पांढरा धूर आला आणि अर्ध्या मिनिटात विरला. नंतर त्यांनी इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण उघडलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. मला म्हणाले, "दादा, बघत राहा." झाकण थोडं थरथरलं, पण जागेवरच राहिलं. इंजिन आतून बॅक मारत असेल, म्हणजे झिजलेल्या पिस्टनजवळून दाब खाली निसटत असेल, तर ते उडी मारून बाजूला पडतं, धूरही भकाभका येतो. डिपस्टिक काढून पाहिली, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का ते पाहिलं, मग टॉर्च घेऊन गाडीखाली झोपले. फ्रेमवर वरवरचा गंज होता, वेल्डिंग कुठे नव्हतं. रस्त्यावर नेल्यावर पुढून खडखड होती आणि साधारण सत्तरच्या वेगाला मागून बारीक गुणगुण. "पुढचं मी करून देतो. मागचं ऐकत राहायला लागेल," म्हणाले. ते मागचं आजही ऐकतोय, त्याचं पुढे सांगतो.

सर्व्हिसची फाइल १,६२,००० पर्यंत अगदी चोख होती. नंतर थेट २,२१,००० चं बिल. मधली दोन वर्षं गायब. मालक म्हणाले, तेव्हा साइटजवळच्या गॅरेजला करून घेतलं. खोटं बोलत असतील असं मला वाटलं नाही, पण या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, पिस्टन आणि वॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा. नंतरच्या इनोव्हा क्रिस्टामध्ये चेन आली, या जुन्या गाडीत बेल्टच. तो तुटला तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल फाइलमध्ये नव्हतं. मालकांचं उत्तर, "बदलला असणार." मेस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं." त्यावरच भाव तुटला आणि ५,६५,००० ला सौदा ठरला.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा होता, तो आधी उतरवायला लावला, मगच उरलेले पैसे दिले. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, जुने चलान भरून घेतले. विमा स्वतःच्या नावावर नव्याने केला. मालकाचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, तो आपल्याला मिळत नाही. या वयाच्या गाडीला मला झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा, मिळालं नाही. ट्रान्सफर आणि विमा मिळून ३१,००० गेले. आणि हेही धरून चाला की नोंदणी पंधरा वर्षांची असते. माझी २०२८ मध्ये संपेल, तेव्हा पुन्हा तपासणी, पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं.

गाडी घरी आली ती थेट गॅरेजला. पहिल्या तीन आठवड्यांत ८२,६०० रुपये गेले. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि बेअरिंगला १३,८००. इंजिन, गिअर, हाउसिंग (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) सगळीकडची तेलं आणि फिल्टर ११,२००. डिझेल फवारणारे नोझल काढून तपासले, चौघांचंही रिटर्न, म्हणजे परत येणारं डिझेल, ठीक निघालं, खालचे तांब्याचे वॉशर मात्र नवे टाकले, ६,५००. पुढचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप यांना २२,४००. रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप ३,१००. टायरवर चांगली नक्षी होती, पण बाजूवरचा बनावटीच्या तारखेचा चार आकडी शिक्का २०१७ चा होता, म्हणून चारही नवे, २५,६००.

काढलेला बेल्ट मेस्त्रींनी माझ्या हातात दिला. वरून काळाभोर, धडधाकट. त्यांनी तो उलटा वाकवला तेव्हा दात जिथे पट्ट्याला मिळतात तिथे केसासारख्या भेगा उघडल्या, एकामागोमाग एक, पूर्ण फेरीभर. टेन्शनरमधून तेल झिरपलेलं. मला त्या क्षणी कुंभार्लीचं वळण आणि मागच्या सीटवर बसलेली आई डोळ्यांपुढे आली. १३,८०० रुपयांबद्दल त्यानंतर माझ्या मनात एकदाही प्रश्न आला नाही.

एवढं करूनही एकदा अडकलोच. जूनमध्ये कराडला जाताना पोफळी सोडून घाट चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला. या गाडीत तो काटा एरवी मधोमध ठोकल्यासारखा असतो. गोडसर वास येत होता, कूलंटचा. एसी बंद केला, जागा बघून कडेला घेतली, आईला छत्री देऊन खाली उतरवलं. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. चाळीस मिनिटं पावसात उभे राहिलो. मग पाहिलं तर इंजिनाच्या मागच्या बाजूला हीटरला जाणारा एक बोटभर पाइप क्लिपच्या तोंडाशी चिरला होता. समोरून हात घातला तरी दिसत नाही अशा जागी. चिरलेलं टोक ब्लेडने कापून पाइप पुन्हा चढवला, क्लिप आवळली, पाण्याच्या तीन बाटल्या ओतल्या आणि परत फिरून उताराने चिपळूण गाठलं. इंजिनाला काही झालं नाही, कारण काटा हलताच थांबलो.

रेडिएटरचे दोन मोठे पाइप बदलताना बाकीचे बारीक पाइप "चांगले दिसतायत" म्हणून आम्ही ठेवले होते. नंतर सगळेच बदलले, २,९०० रुपयांत. मोठं रनिंग म्हटलं की लोक इंजिन उघडावं लागेल या भीतीत असतात. माझ्या गाडीचं लोखंड अजून ठणठणीत आहे, अकरा वर्षांत म्हातारं झालं ते रबर. पाइप, बुश, बेल्ट, सील, टायर. आणि रबर किलोमीटरपेक्षा वर्षांनी जास्त मरतं, त्यामुळे कमी चाललेली जुनी गाडी घेणाऱ्यालाही हा खर्च चुकत नाही.

त्यानंतर क्लच गेला, २,५५,००० च्या आसपास. घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मिळून १७,८००. मे महिन्यात मागच्या एसीला जाणारा पाइप गंजून गॅस गेला, ८,७००. बॅटरी ७,४००. तीनदा ऑइल सर्व्हिस, १५,६००. पाइपांचे धरून हे ५२,४०० झाले. पहिले ८२,६०० मिळवले तर चौदा महिन्यांचे १,३५,०००, म्हणजे डिझेल सोडून किलोमीटरला पाच रुपयांच्या थोडं आत. डिझेलचं म्हणाल तर टाकी फुल करून मोजलंय, लिटरला हायवेवर बारा-साडेबारा किलोमीटर, घाटात दहा.

गाडीच्या किमतीत सगळा पैसा घालून रिकाम्या खिशाने अशी गाडी घरी आणणाऱ्याला मी कळकळीने सांगेन, आणू नका. लाखभर बाजूला ठेवता येत नसेल तर लहान गाडी घ्या. तो पैसा लागणार नाही असं धरून बेल्ट, टायर पुढे ढकलले जातात, आणि त्यात घरची माणसं बसलेली असतात. आणि जवळ भरवशाचा मेस्त्री नसेल तरीही विचार करा. आमच्या मेस्त्रींशिवाय मी हे धाडस केलं नसतं.

आईला गाडी आवडलीय. पाय लांब करता येतात, खड्ड्यात पाठ दुखत नाही, आणि घाट चढताना ती आता डोळे मिटून पडते. आधीच्या गाडीत दांडी घट्ट धरून बसायची.

राहिली ती मागची गुणगुण. गेल्या आठवड्यात हाउसिंगचं तेल पुन्हा काढलं. खालच्या बोल्टच्या चुंबकाला राखाडी पिठासारखा थर होता, बोटांत चोळला तर कुठे टोचलं नाही, कण नव्हते. मेस्त्री म्हणाले, हाउसिंगमधल्या पिनियनचं, म्हणजे छोट्या गिअरचं, बेअरिंग आवाज करतंय, दात अजून शाबूत आहेत, पावसाळ्याआधी खोलू. सातारा आणि कराड दोन्हीकडे बेअरिंगची चौकशी करून ठेवलीय. तोवर सत्तरला खिडक्या वर करून, रेडिओ बंद करून ऐकतो. मागच्या महिन्यापेक्षा आवाज वाढलेला नाही.