दहा महिन्यांनंतर: गड्ड्यातलं खुरपं आणि बाकीची मंडळी

जुळे सोलापुरात आमचं घर. पुढे आठ बाय बाराचा मातीचा तुकडा, गच्चीवर तीसेक कुंड्या. एवढ्यासाठी हत्यारं किती लागतात? माझ्या मते चार. मी घेतली अकरा.

सुरुवात ऑनलाइन मागवलेल्या पाच नगांच्या सेटपासून. 649 रुपये, हिरव्या मुठी, फोटोत फार देखणा. कुंडीतल्या कोकोपीटमध्ये चालतो, नाही असं नाही. पण अंगणात पहिल्याच दिवशी त्यातल्या छोट्या फावड्याची मान वाकली. आपली काळी माती भिजली की फुगते, चपलेला चार बोटं चिकटते. वाळली की भेगाळते आणि ढेकूळ विटेसारखं होतं. सासूबाई बार्शीकडच्या, सगळी हयात ज्वारी खुरपण्यात गेलेली. फावडं बघून एवढंच म्हणाल्या, "हे कुणाच्या बाळाचं गं?"

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, होम मैदानावर गेलो, तेव्हा एका लोहारापाशी थांबून खुरपं सासूबाईंनीच निवडलं. पात्याला टिचकी मारून आवाज ऐकला, तीन परत ठेवली. चौथं माझ्या हातात देऊन मनगट वाकतंय का ते पाहिलं. माझा हात लहान, म्हणून मूठ थोडी तासून घेतली. पातं ट्रकच्या जुन्या पाट्याचं, मूठ बाभळीची, 130 रुपये.

दहा महिने रोज हेच वापरतेय. हरळी काढायला, आळं करायला, मिरचीचं रोप मुळाच्या गड्ड्यासकट उचलायला. लव्हाळ्याशी मात्र घाई चालत नाही. वरचं पातं उपटलं की आठ दिवसांत तो परत हजर, कारण खालची गाठ तशीच राहते. खुरप्याचं टोक तिरकं घालून गाठीखालून उचललं तरच सुटका. आणि पाणी दिल्यावर लगेच खुरपायला बसायचं नाही, वाफसा येऊ द्यायचा. मूठभर माती दाबली आणि बोटाच्या धक्क्याने गोळा फुटला, की कामाला लागायचं. एकदा धीर निघाला नाही, तर अर्धा तास खुरपायचं राहिलं बाजूला, पात्याचा चिखलच खरवडत बसले.

तक्रार एकच. मे महिन्यात लाकूड आकसलं आणि मूठ लुळी पडली. सासूबाईंनी जुन्या चादरीची चिंधी भोकात ठासून पातं परत ठोकलं. अजून हललेलं नाही.

दुसरं हत्यार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. 480 रुपये गेले, पण सार्थकी. घेताना दोन्ही पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जाणारीच घ्या. एक पातं सपाट पट्टीवर आदळणारी कात्री ओली फांदी चेपते. वाळक्या काटक्यांना ती ठीक. ही अक्कल मला डाळिंबवाल्या मामेभावाने दिली. त्यांच्या बागेत तेल्या रोगाच्या भीतीने एक झाड छाटलं की कात्री निर्जंतुक करूनच दुसऱ्या झाडाला लावतात. मी गुलाबाला तेवढं करत नाही, पण रोगट फांदी कापली की स्पिरिटचा बोळा फिरवते. स्प्रिंगमध्ये माती अडकते, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडायचा.

ठिबकाची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, उन्हाळा 43 अंशांचा, म्हणून गच्चीवर 16 एमएमची लॅटरल, म्हणजे ठिबकाची नळी, टाकली आणि दुकानदाराने दिलेले भारीतले, दाब नियंत्रित करणारे ड्रिपर लावले. एक थेंब येईना! दोन दिवस पाइप फुंकत बसले. मग हिशेब लक्षात आला: दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरवर जेमतेम एक किलो दाब मिळतो, आणि आमची टाकी कुंड्यांपेक्षा चार फूट वर. त्या ड्रिपरना उघडायलाच यापेक्षा कितीतरी जास्त दाब लागतो. शेवटी टोपी फिरवून धार कमी-जास्त करायचे साधे ड्रिपर लावले, तेव्हा गाडी रुळावर आली. बोअरच्या पाण्याने त्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकते. उन्हाळ्यात मात्र ठिबक पहाटेच सोडा. दुपारी काळ्या नळीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, मी एकदा तेच तुळशीला पाजलंय.

प्लॅस्टिकची झारी उन्हाने कडक होऊन जूनमध्ये तडकली, आता पत्र्याची आहे. हातमोजे दोन जोड घेतले, घालत नाही. बोटांना ओल कळत नाही त्यात.

सध्या खुरपं घरात नाही. शेजारच्या काकूंनी "दोन मिनिटं देते का" म्हणून नेलं, त्याला आज नऊ दिवस झाले. मी त्यांना पाच नगांचा सेट देऊ केला होता, हवा तितके दिवस ठेवा म्हटलं. त्यांनी तो उघडून पाहिला, मान वाकलेलं फावडं उचललं, आणि परत ठेवून दिलं.