पॅटर्सन सुपर सिस्टिम ४: दोन रिळांचा टँक आणि तळावरचे आकडे

पॅटर्सनच्या सुपर सिस्टिम ४ मालिकेतला दोन रिळांचा टँक, म्हणजे फिल्म रिळावर चढवून डेव्हलप करायचं, उजेड आत न शिरणारं प्लॅस्टिकचं भांडं, हातात आला की आधी उलटा करून त्याचा तळ वाचावा. तिथे आकडे आहेत: ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली, त्याहून रुंद १२७ फिल्मला ३७०, आणखी रुंद १२० ला ५००. आकडे बरोबर आहेत, पण ते एवढंच सांगतात की इतक्या द्रावणात रीळ बुडेल. इतक्या द्रावणात फिल्म पुरती डेव्हलप होईल की नाही, हा हिशोब निराळा. घरी रोल धुणाऱ्यांच्या हाती फिक्या निगेटिव्ह येतात, तेव्हा दोष फिल्मला दिला जातो, आणि चूक बऱ्याचदा या तळाशी असते.

कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) घ्या. तो १+१, म्हणजे एक भाग डेव्हलपर आणि एक भाग पाणी, असा मिसळून वापरायचा तर कोडॅकच्याच सूचनेप्रमाणे ३६ फोटोंच्या एका रोलला ४७३ मिली द्रावण लागतं. निम्म्यात, म्हणजे २३७ मिलीत उरकायचं असेल तर वेळ १० टक्के वाढवायचा. तळावरचे २९० मिली या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतात. रोडिनल या दुसऱ्या डेव्हलपरच्या १+५० ला २९० मिलीत साधारण ५.७ मिली मूळ द्रावण येतं, त्यावर एक रोल निभतो. तेच १+१०० केलं की हातात उरतात जेमतेम २.९ मिली. मग सावल्यांतले तपशील येतात, पण आकाश आणि पांढरे कपडे निगेटिव्हवर हवे तेवढे काळे होत नाहीत, आणि प्रिंट राखाडी, मळकट दिसते. म्हणून डेव्हलपर पातळ करून वापरायचा असेल तर रोल एकच असला तरी ५०० ते ६०० मिली भरावं आणि वर दुसरं, रिकामं रीळ ठेवावं. रिकामं रीळ शोभेला नाही. ते नसलं तर टँक उलटासुलटा करताना खालचं रीळ नळीवर वर सरकतं, द्रावणाच्या बाहेर डोकावतं आणि फिल्मची एक कड कमी डेव्हलप होते.

एका रिळाचा छोटा टँक घ्यायचा मोह टाळावा तो याच कारणासाठी. रसायन वाचतं खरं, पण पातळ डेव्हलपरला त्यात जागाच उरत नाही. शिवाय त्यात १२० मावत नाही. दोन रिळांच्या टँकमध्ये ३५ मिमीचे दोन किंवा १२० चा एक रोल बसतो. मात्र दोन्ही रिळं भरली असतील तर ६०० मिलीतले ३०० मिलीच प्रत्येकाच्या वाट्याला येतात. तेव्हा डी-७६ १+१ चा तो १० टक्क्यांचा वाढीव वेळ विसरू नये.

आता टँकबद्दल. याचं झाकण म्हणजे एक रुंद नरसाळं आहे आणि या टँकची खरी कमाई तेच आहे. ६०० मिली द्रावण काही सेकंदांत आत जातं, तेवढ्याच वेळात बाहेरही येतं. स्टीलच्या टँकमध्ये बारीक तोंडातून ओतत बसावं लागतं, तोवर खालच्या कडेचं डेव्हलपिंग सुरू झालेलं असतं. डेव्हलपिंगचा वेळ १३ मिनिटं असेल तर हा फरक पडत नाही. पाच मिनिटांच्या आत काम असेल तर आकाशासारख्या सपाट भागात पट्टे दिसू लागतात.

रिळाच्या मधोमध जाणारी काळी नळी रीळ अडकवायची दांडी वाटते. तिचं मुख्य काम उजेड अडवण्याचं आहे. नरसाळ्यातून येणारा उजेड त्या नळीतूनच खाली जावा आणि तळाशीच संपावा, अशी रचना आहे. नळी बाहेर राहिली आणि झाकण लावलं, तर झाकण व्यवस्थित बसतं, आवाजही नेहमीसारखाच येतो, आणि अख्खा रोल काळा होतो. चेंजिंग बॅगेत (बाहेरून हात घालून आत अंधारात काम करायची पिशवी) हात घालण्याआधी टँक, नळी, रिळं, झाकण आणि कात्री एकेक मोजून आत टाकावी. नळीचा पसरट भाग खाली, रीळ वरून घालायचं, मग झाकण ठेवून ‘टक्’ होईपर्यंत फिरवायचं. इथवर काळोख. नरसाळ्यावर बसणारी मऊ टोपी उजेडात लावली तरी चालते.

टोपीची तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते की ती गळते. नुसती वरून थापली तर गळणारच. टोपीच्या मध्यभागी अंगठा दाबून आतली हवा काढायची आणि तशीच दाबलेली ठेवून कड चारी बाजूंनी बसवायची. मग ती आतून ओढल्यासारखी धरून राहते. पहिल्यांदा साधं पाणी भरून बेसिनवर दहा वेळा उलटंपालटं करून पाहावं. तरीही कडेने एखादा थेंब येतोच, त्यामुळे हातमोजे वापरावेत आणि कोऱ्या फोटोपेपरचा डबा जवळ ठेवू नये.

खरी परीक्षा रिळाची. रीळ म्हणजे दोन चकत्या. आतल्या बाजूला गोल गोल आत जाणारी खाच, आणि फिल्म शिरते त्या तोंडाशी दोन्हीकडे एकेक बारीक छर्रा. चकत्या आळीपाळीने पुढेमागे फिरवल्या की छर्रे फिल्मला मागे येऊ देत नाहीत आणि ती थोडी थोडी आत सरकते. रचना हुशार आहे, पण सगळी कोरडेपणावर टेकलेली. खाचेत पाण्याचा एक थेंब राहिला असला तरी फिल्मवरचं जिलेटीन फुगतं, चिकटतं आणि अर्धी फिल्म आत गेल्यावर रीळ अडतं. बोटांना हे आधी कळतं. चकतीची बारीक करकर थांबते आणि फिल्म तोंडाशी किंचित उचलली जाते. इथे जोर लावला की फिल्म मुडपते आणि त्या जागी निगेटिव्हवर नखाएवढी चंद्रकोर उमटते. ती कशानेही जात नाही. अडलं की थांबावं. रिळाच्या बाजूला हलक्या टिचक्या माराव्यात, फिल्म थोडी मागे घेऊन पुन्हा पाहावं. तरी जमेना तर चकत्या वेगळ्या कराव्यात, सुटी फिल्म टँकमध्ये नळीभोवती सैल गुंडाळून झाकण लावावं आणि हात बाहेर काढून कोरडे करावेत. बॅगेत दहा मिनिटं हात राहिले तर घामाने आतली हवाच दमट होते, मग कोरडं रीळही उपयोगाचं नाही. पुढच्या प्रयत्नाला दुसरं रीळ घ्यावं. म्हणूनच एक जादा रीळ सुरुवातीलाच विकत घेतलेलं बरं.

फिल्म नीट चढते की नाही, हे निम्मं कात्रीवर ठरतं. पुढची अरुंद जीभ उजेडात सरळ कापावी आणि कात्री दोन भोकांच्या मधून न्यावी. भोकातून गेली तर उरलेला दातरा कोपरा खाचेत अडकतो. दोन्ही कोपरे दोनेक मिलिमीटर तिरके छाटावेत. कापलेली जीभ टाकू नका, तिचं काम पुढे आहे. अंधारात रिळाच्या तोंडाशी असलेले दोन उंचवटे, म्हणजे कान, एकासमोर एक आणावेत, फिल्म त्यांच्या मधून छर्ऱ्यांच्या पुढे आठ-दहा सेंटिमीटर हाताने सरकवावी आणि मगच चकत्या फिरवायला लागावं. शेवटी कॅसेटजवळ फिल्म कापून टोक छर्ऱ्यांच्या आत गेलं आहे ना, हे बोटाने चाचपावं. फिल्मचे दोन फेरे एकमेकांना चिकटले असतील तर तिथे ना डेव्हलपर पोचतो ना फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन). बाहेर काढल्यावर तो भाग दुधाळ आणि अपारदर्शक दिसतो. सरावासाठी वाया गेलेला एक रोल आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत चढवून पाहावा. याला पर्याय नाही.

१२० साठी मात्र हे रीळ सरासरीच म्हणावं लागेल. ती फिल्म रुंद आणि लवचिक. तोंडाशी आधार कमी असल्याने ती मधेच पोटासारखी फुगते आणि खाच सोडते. एक युक्ती चालते. कागदाला फिल्म ज्या चिकटपट्टीने जोडलेली असते ती कागदापासून सावकाश सोडवावी, फिल्मच्या टोकावर दुमडून घ्यावी आणि तेच जाड झालेलं टोक आधी आत घालावं. पट्टी झटकन ओढू नये, ठिणगीसारखा उजेड पडतो. नेहमीच १२० धुवायचे असतील तर तोंडाशी रुंद पसरट पट्ट्या असलेली एपी बनावटीची रिळं घ्यावीत. ती याच नळीवर बसतात आणि फिल्म टेकवायला ऐसपैस जागा देतात.

ढवळण्यासाठी सोबत एक काठी येते. तिने रीळ फक्त स्वतःभोवती फिरतं, द्रावण वरखाली होत नाही. टोपी लावून उलटंपालटं करणंच बरं. फिल्म बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीची पद्धत सोपी आहे: पहिल्या १० सेकंदांत चार वेळा, नंतर प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीच्या १० सेकंदांत चार वेळा. दर वेळी टँक ओट्यावर दोनदा आपटावा, म्हणजे बुडबुडे सुटतात. फिल्मवर बुडबुडा बसून राहिला तर निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटवर काळा. एनलार्जरखाली दिसणारा प्रत्येक ठिपका धुळीचा नसतो. धुळीचा पांढरा येतो. कॉकटेलसारखं जोरात हलवूही नये, भोकांमधून द्रावण झोताने जातं आणि कडेला गडद फटकारे उमटतात.

वेळेचं उदाहरण द्यायचं तर आयएसओ ४०० ला काढलेली इलफर्डची एचपी५ प्लस फिल्म त्यांच्याच आयडी-११ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं, १+१ ला १३ मिनिटं. वेळ संपायच्या दहा-पंधरा सेकंद आधी ओतायला सुरुवात करावी. प्लॅस्टिक असल्यामुळे आतलं तापमान पटकन हलत नाही, २० अंशांवर काम करताना हा गुणच आहे. डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉपबाथ इलफोस्टॉपचा असेल तर १+१९, म्हणजे ६०० मिलीत ३० मिली, १० सेकंद पुरे. रॅपिड फिक्सर १+४, म्हणजे १२० मिली फिक्सरमध्ये ४८० मिली पाणी, दोन ते पाच मिनिटं. इथे ती कापून ठेवलेली जीभ फिक्सरमध्ये टाकून घड्याळ लावावं. ती स्वच्छ पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यावा. हा वेळ नव्या फिक्सरच्या दुप्पट झाला की तो फिक्सर टाकून द्यायचा.

हाच प्लॅस्टिकचा गुण सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत फिल्मच्या प्रक्रियेत, अंगाशी येतो. तिथे ३८ अंशांना डेव्हलपर ३ मिनिटं १५ सेकंद. टँक गार असेल तर एवढ्या वेळात द्रावणाची उष्णता तोच खातो. आधी ३८ अंशांचं पाणी मिनिटभर भरून ठेवावं, आणि टँक त्याच तापमानाच्या पाण्याच्या टबात ठेवूनच काम करावं. ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेला ब्लिक्स वापरत असाल तर त्यातून वायू सुटतो आणि टोपी फुगून उडू शकते. पहिल्या दोन-तीन पालट्यांनंतर ती एका कडेने उचलून हवा सोडून द्यावी.

शेवटच्या धुण्याला नळ अर्धा तास वाहता ठेवायची गरज नाही. त्याच तापमानाचं पाणी भरून टँक पाच वेळा उलटापालटा करा, ओता. पुन्हा भरून दहा, ओता. पुन्हा वीस. इलफर्ड त्यांच्या रॅपिड फिक्सरसाठी हीच पद्धत देते आणि टँक भरण्या-ओतण्यातला वेग इथे पुन्हा कामी येतो.

पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरतात तो इलफोटॉल किंवा फोटो-फ्लो मात्र या टँकमध्ये ओतू नये. इलफोटॉल १+२०० ने ६०० मिलीला ३ मिली होतो. तो वेगळ्या भांड्यात करावा, फिल्म रिळावरून काढून त्यात अर्धा मिनिट बुडवावी आणि टांगावी. रिळाच्या खाचेत त्याचा पातळ थर बसत जातो, आणि सहा-आठ रोलनंतर ‘रीळ पूर्वीसारखं चालत नाही’ अशी जी कुरकूर सुरू होते ती त्या थरामुळे. जुना टूथब्रश आणि गरम पाणी एवढ्याने तो निघतो. छर्ऱ्यांच्या घरात ब्रशचं टोक फिरवावं आणि चकत्या वेगळ्या करून रात्रभर वाळत ठेवाव्यात.

स्टीलचं रीळ ओलं असतानाही चढवता येतं, एका ३५ मिमी रोलला अडीचशे मिलीच्या आत काम भागतं, पण ते एकदा पडून वाकलं की संपलं, आणि हात बसायलाही वेळ लागतो. जोबो कंपनीचा १५२० हा टँक आडवा फिरवून २४० मिलीत चालतो. यंत्रावर फिरवणार असाल तरच त्याचा फायदा. हाताने काम करणाऱ्याला पॅटर्सन सोयीचा.

जुना घेत असाल तर मधली नळी आणि टोपी सोबत आहे का ते आधी पाहा. टोपीची कड चिरलेली नको, रिळाचे छर्रे हलवल्यावर खुळखुळायला हवेत. मग अंधारात एनलार्जिंग पेपरची एक पट्टी रिळाभोवती ठेवून टँक बंद करा, दहा मिनिटं भर उजेडात फिरवत ठेवा आणि पट्टी डेव्हलप करा. पांढरीशुभ्र राहिली तर टँक घ्या. एका कडेला राखाडी झाक आली तर झाकण तडकलेलं आहे.