रांग ४, क्रमांक ११ : सार्वजनिक दफनभूमीत ‘कायम जागा’ विकत घेतल्याची गोष्ट

आम्ही लिंगायत. आमच्याकडे माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात. तेही आडवं नाही, बसवून. गावाकडे याची कधी अडचण आली नाही. उदगीरजवळच्या मळ्यात आजोबांची समाधी होती, शेजारी आजीची, वर बेलाचं झाड. मळा आम्ही विकला आणि अप्पा आमच्याकडे शहरात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं काढली, रोज सकाळी गॅलरीत बसून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली. त्या तीन वर्षांत घरात सगळ्या विषयांवर बोलणं झालं, पण ‘अप्पांना न्यायचं कुठं’ हे कुणी तोंडातून काढलं नाही. फसवणारा माणूस नेमका त्या न बोललेल्या जागेत शिरला.

१४ डिसेंबर २०२३. पहाटे पावणेतीनला अप्पा गेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि दाखला लिहून दिला. घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये असतो, रुग्णालयात झाला तर नमुना ४. हे मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. तेव्हा तो कागद मी वाचलाही नाही, घडी घालून खिशात टाकला.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवल्यावर एका शेजाऱ्यांनी नंबर पाठवला : “हा माणूस सगळं बघतो.” साडेपाचला तो स्कूटरवरून आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, काखेत चेनची बॅग. चप्पल दाराबाहेर काढली, आत येऊन अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं आणि पहिलंच वाक्य : “लिंग गळ्यातच आहे ना? कुणी काढू नका.” मग आईला विचारलं, “आजी, तोंड पूर्वेला करायचं का उत्तरेला? तुमच्यात कसं करतात?” कोनाडा, विभूती, बेल, मीठ, स्वामींना (आमच्या पुरोहितांना) निरोप, सगळं त्याला पाठ. खड्ड्याच्या भिंतीत त्रिकोणी कोनाडा कोरून त्यात बसवायचं असतं, हे माझ्या बायकोला माझ्या तोंडून नाही, त्याच्या तोंडून कळलं. आमच्याच रीतीभाती आमच्यापेक्षा जास्त माहीत असलेल्या माणसावर संशय कोण घेणार? माझे दाजी एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालतात. तेसुद्धा गप्प होते.

हिशोब त्यानं तोंडी सांगितला. कायम जागा २५ हजार, खड्डा ६ हजार (“बसवायचं म्हणजे दोन फूट जास्त खोल लागतं, साहेब”), मीठ-विभूती-बेल साडेचार हजार, पास (दफनाची परवानगी) आणि मृत्यूच्या दाखल्याचे ३ हजार. एकूण साडेअडतीस. ‘कायम जागा’ म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, “नाहीतर चार-पाच वर्षांनी तिथंच दुसरा खड्डा पडतो. तुम्हाला चालणार असेल तर साधी जागा घ्या, माझं काही म्हणणं नाही.” वडील अजून घरात, आणि त्यांच्यावर उद्या दुसरा खड्डा पडेल, असं कुणी म्हटल्यावर कुठला मुलगा साधी जागा मागेल?

तो रोख मागत होता. घरात होते साडेअठरा. उरलेले वीस हजार मी यूपीआयनं पाठवले. नंबर त्याचा, पण स्क्रीनवर नाव एका बाईचं आलं. “मिसेसचं खातं आहे.” पुढे सगळ्या प्रकरणात माझ्या हातात पुरावा म्हणून टिकला तो एवढा एकच व्यवहार.

डॉक्टरांचा दाखला आणि अप्पांचं मूळ आधार कार्ड त्यानं मागून घेतलं. “पास मी काढतो, तुम्ही दुःखात. मृत्यूचा दाखला पंधरा दिवसांत घरपोच.” मी देऊन टाकलं.

दफनभूमी महापालिकेची, सार्वजनिक. दहा वाजता पोचलो तेव्हा खड्डा तयार होता. त्याचा टेम्पो फाटकाला अगदी खेटून उभा होता, तिरडी कशीबशी बाजूनं आत न्यावी लागली. मिठाची पाच पोती सांगितली होती. माझ्या भाच्यानं, वय वर्षं बारा, नंतर घरी येऊन विचारलं, “मामा, पोतं तर एकच फोडलं, बाकीची चार कुठं गेली?” मी त्यालाच ओरडलो. अशा वेळी पोती मोजतात का म्हणून.

निघताना त्यानं पिवळी पावती दिली. वर ‘अमुक सेवा समिती’, खाली गोल शिक्का, मध्ये निळ्या शाईत : ‘कायम जागा – रांग ४, क्र. ११’. आठवड्यानं दगड कोरणारा आला, त्यानंच पाठवलेला. काळा ग्रॅनाइट, नाव, तारीख, वर पिंड. ११ हजार. ते वेगळे.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. फोन केला की “सर्व्हर डाऊन आहे,” “साहेब इलेक्शनच्या ट्रेनिंगला आहेत,” “तुमचंच काम चालू आहे.” इकडे आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलेलं. बँक म्हणते मृत्यूचा दाखला आणा. अप्पांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरलेला, त्यामुळे त्यांची पेन्शन मात्र दर महिन्याला खात्यावर येतच होती. आई मोबाईलवर आलेला मेसेज मला दाखवायची आणि म्हणायची, “ह्यांचा पगार आला बघ.” त्या पैशाला हात लावायचा नव्हता. पुढे बँकेनं ते परत वळते करून घेतले.

६ फेब्रुवारीला मी स्वतः क्षेत्रीय कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं, मग रजिस्टर काढलं. “१४ डिसेंबरला या नावाची नोंद नाही. पास नंबर सांगा.” मी पिवळी पावती सरकवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पाठची बाजू माझ्याकडे केली. तिथं बारीक अक्षरात छापलेलं होतं : ‘खुर्च्या मोडल्यास भरपाई घेतली जाईल.’ मंडप-डेकोरेशनवाल्याच्या उरलेल्या पावतीपुस्तकावर त्यानं समोरून आपलं छापून घेतलं होतं. गेले पन्नास-साठ दिवस तो कागद मी देवघरात, अप्पांच्या फोटोमागे जपून ठेवला होता.

पास काढलेलाच नव्हता. दफनभूमीच्या नोंदवहीतही त्या तारखेला अप्पा नव्हते. तिथल्या रखवालदाराचा यात हात होता, असं मला वाटतं. सिद्ध करता आलं नाही. थोडक्यात, अप्पा जमिनीखाली होते आणि कागदावर जिवंत.

त्या बाई भल्या होत्या. कपाळाला हात लावून घेतला, पण बसवून घेऊन समजावलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची. घरी मृत्यू झाला तर ती देणं घरातल्या कर्त्या माणसाचं काम. दफनभूमी सांभाळणाऱ्यावरही कळवण्याची जबाबदारी आहे. मध्ये कुठं एजंट येतच नाही. वेळेत नोंद केली तर नोंदीचा पहिला उतारा फुकट मिळतो. मी ज्याचे तीन हजार दिले ते हेच. ३० दिवस उलटले की जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. “तुम्ही ५४ व्या दिवशी आलात. अजून बरंय,” त्या म्हणाल्या. असल्या एजंटांचे ‘आज-उद्या’ ऐकत वर्ष काढणारी माणसं त्यांनी पाहिली होती.

पुढचे पाच महिने मी दुसरी नोकरी केल्यासारखे काढले. डॉक्टरांकडे दाखल्याची स्थळप्रत होती म्हणून निभावलं. त्यांनी दुय्यम प्रत दिली. पण दफन झालं याचा पुरावा काय? रखवालदार म्हणे, मला आठवत नाही. शेवटी स्वामींचा जबाब, शेजाऱ्यांचे जबाब, भाच्यानं मोबाईलवर काढलेले फोटो आणि आरोग्य निरीक्षकांनी जागेवर येऊन केलेला पंचनामा, एवढ्या बळावर जुलैत नोंद झाली.

त्या फोटोंबद्दल सांगायला हवं. फाइलला लावायला ते मोठे करून बघत होतो, तेव्हा एकात टेम्पोच्या हुडामागून निळ्या बोर्डाचा कोपरा दिसला. महापालिकेचा दरफलक. त्याच्या शेवटच्या ओळीचे तीन शब्द वाचता येत होते : ‘...पावतीशिवाय पैसे देऊ...’ टेम्पो फाटकाला खेटून का लावला होता ते मला सात महिन्यांनी कळलं.

पंचनाम्याच्या दिवशी मी निरीक्षकांना ‘कायम जागे’चं विचारलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात, आणि मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा पुरवणं हे त्यात महापालिकेचं कर्तव्य आहे. कर्तव्य म्हटलं की ती सगळ्यांसाठी. विकायची कुणी आणि कुणाला? इथं जागा रांगेनं मिळते, ठरावीक वर्षांनी रांग पुन्हा वापरात येते, आणि परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करता येत नाही. म्हणजे त्यानं जी भीती दाखवून २५ हजार घेतले, ती खरीच होती. खोटा होता तो तिच्यावरचा उपाय. मी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून हे लेखी मागवलं. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं : कायम जागा देण्याची तरतूद नाही, कोणत्याही खासगी व्यक्तीस शुल्क वसुलीचे अधिकार दिलेले नाहीत. नियम गावागावाला थोडे वेगळे असतात, म्हणून तुमच्या पालिकेचे तुम्ही मागवा. पण मागवायचे ते सगळे धडधाकट असताना.

संतापून मी एकदा म्हणालोही, अप्पांना काढून गावी नेतो. निरीक्षक म्हणाले, असं करायचा विचारही करू नका. पुरलेला देह मनानं उकरता येत नाही. तपासासाठी पोलिसांना हवा असला तरी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आणि नेणार कुठं? मळा विकलेला.

ऑफिसातल्या ख्रिस्ती मित्राशी बोललो. तो म्हणाला, आमच्या चर्चमध्ये आधीच सांगतात की काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवणार. कुणी लपवत नाही, म्हणून कुणी त्यावर धंदाही करू शकत नाही. मुंबईत पूर्व उपनगरांत कब्रस्तानाला जागा नाही म्हणून लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं, २०२४ मध्ये न्यायालयानं महापालिकेला त्यावरून चांगलंच सुनावलं. जागेची टंचाई खरी आहे. असली माणसं त्या टंचाईवरच जगतात.

पोलिसांत अर्ज दिला. ठाणे अंमलदारांनी आधी “देवाघरच्या कामात कशाला भांडता” असं म्हणून पाहिलं. प्रकार डिसेंबर २०२३ चा म्हणून भारतीय दंड विधानाचं ४२० कलम; १ जुलै २०२४ ला किंवा त्यानंतर असं काही घडलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ सांगा, म्हणजे ‘४२० आता नाही’ म्हणून कुणी परत पाठवणार नाही. यूपीआयच्या खात्यामुळे त्या बाईला बोलावणं गेलं. ती त्याची मिसेस नव्हती, भाडेकरू होती. चार दिवसांनी तो स्वतः आला, १५ हजार टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “मालक, सेवाच केली हो मी.” आधार कार्डही परत दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. उरलेल्या साडेतेवीस हजारांसाठी दिलेली तारीख कधीच उलटली, आणि तो नंबर आता बंद आहे.

सगळ्या पैशांपेक्षा मला ग्रॅनाइट जास्त लागलं. ऑक्टोबरात विनापरवाना दगड काढायची मोहीम निघाली, त्यात अप्पांचाही गेला. आम्हाला उचलून न्यायला सांगितलं. तो आता गॅलरीत आहे, अप्पा जिथं पूजेला बसायचे तिथं, भिंतीला टेकवून. आई रोज त्यावर बेलाचं पान ठेवते. मी काही बोलत नाही.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधले आजोबा गेल्याची बातमी आली. दहा मिनिटांत कुणीतरी नवा नंबर टाकला : “हा माणूस सगळं बघतो.” प्रोफाइलला तोच पांढरा शर्ट. मी लगेच पिवळ्या पावतीचा फोटो टाकला, पुढचा आणि मागचा, खुर्च्यांच्या अटीसकट, आणि त्या घरी फोनही लावला. फोन कुणी उचलला नाही, म्हणून चप्पल अडकवून खाली उतरलो. लिफ्टमध्ये ग्रुप पाहिला. माझ्या फोटोखाली तीन जणांनी हात जोडले होते आणि एकानं लिहिलं होतं, “ॐ शांती.”