मगरीचं तोंड की खराट्याच्या काड्या?
कोथरूडला भाचीचा पहिलीचा अभ्यास घेतेय सध्या, आणि लहान-मोठ्याच्या चिन्हांसाठी दोन्ही पद्धती वापरून झाल्या. मगरीची सगळ्यांना माहितीये, भुकेली मगर मोठ्या आकड्याकडे तोंड उघडते, पाच मिनिटांत जमतं आणि पोरं खूश. पण तिने ७ > ४ अगदी बरोबर लिहिलं आणि वाच म्हटलं तर म्हणाली, "मावशी, सात... मगर... चार", म्हणजे "सात चारपेक्षा मोठा" हे वाक्य डोक्यात आलंच नव्हतं!

मग चिंचोके काढले. फरशीवर डावीकडे सातांची उभी रांग, उजवीकडे चारांची, दोन्ही रांगांच्या वरच्या टोकांना टेकवून एक काडी आणि खालून एक. डावीकडे फट मोठी, उजवीकडे कमी, चिन्ह समोरच दिसतं. दोन्हीकडे पाच-पाच ठेवले की काड्या समांतर, झालं बरोबरचं चिन्ह. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये ते याच कारणाने निवडलं, की दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काही नाही. मगरीत बरोबरला जागाच नाही ना.

वेळ जास्त जातो, खरंय, आणि रांगा सरळ लावायला आपल्यालाच बसावं लागतं. तरी मी आधी काड्याच घेईन, मगर नंतर, घाईत उजळणीपुरती.