इथिओपियाच्या राजांची कालसूची करायला लिब्रेऑफिस कॅल्क कितपत चालतं?

दख्खनच्या हबशी सरदारांवर काम करणाऱ्या खान्देशातल्या विद्यार्थ्यांना इथिओपियाची राजावळ कधी ना कधी लागतेच. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास जन्मला तेव्हा तिकडे गलाव्देवोस राज्य करत होता आणि अंबर १६२६ मध्ये गेला तेव्हा सुसेन्योस. बुऱ्हाणपुरात मोगलांचा तळ आणि समोर अंबर, एवढं आपल्याकडच्या पुस्तकांत मिळतं, पण तो ज्या मुलखातून आला तिथली कालरेषा स्वतःच जुळवावी लागते. या कामासाठी लिब्रेऑफिसमधलं कॅल्क हे स्प्रेडशीट कसं आहे, याचं हे परीक्षण. हिशेबाची वही म्हणून ते कसं आहे हा विषय इथे नाही.

किंमत शून्य. जुन्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं आणि नेट नसलं तरी अडत नाही. शिरपूर-साक्रीकडच्या गावात वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, तरी काम सुरू राहतं. ऑनलाइन शीटपेक्षा आम्ही याला वरचा नंबर देतो याचं हे एक कारण. दुसरं कारण महत्त्वाचं आहे: १९०० पूर्वीच्या तारखा. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही, ते ती मजकूर धरतं आणि वजाबाकी करू देत नाही. कॅल्क ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरतं आणि त्यामागे ऋण आकड्यांत जातं. इथिओपियानं इटलीला हरवलं ती अडवाची लढाई झाली १ मार्च १८९६ ला, म्हणजे कॅल्कच्या हिशेबात उणे १३९९. शेवटचे तीन-चार बादशहा सोडले तर सगळी राजावळ या ऋण बाजूलाच पडते, त्यामुळे हा गुण नसता तर पुढचं काही लिहिण्यासारखं नव्हतं.

आता खरी अडचण. इथिओपियाचं पंचांग कॅल्कमध्ये नाही. सेल फॉरमॅटमध्ये हिजरी आहे, ज्यू आहे, बौद्ध आहे, पण हे नाही. म्हणून रूपांतर हातानं बांधावं लागतं आणि त्यासाठी ते पंचांग समजून घ्यायला हवं. वर्षाला १३ महिने. पहिले बारा ३० दिवसांचे, तेरावा पागुमे ५ दिवसांचा आणि चार वर्षांतून एकदा ६ दिवसांचा. वर्षाला ४ ने भागून बाकी ३ उरली की ते लूकचं वर्ष, म्हणजे लीप. वर्षारंभ १ मेस्करेमला, म्हणजे युरोपात १५८२ पर्यंत चाललेल्या ज्युलियन पंचांगात २९ ऑगस्टला, आणि लूकच्या लगेच पुढच्या वर्षी ३० ऑगस्टला. आजच्या ग्रेगोरियन हिशेबात हा दिवस ११ किंवा १२ सप्टेंबरला येतो. शकात ७८ मिळवायचे की ७९ हे पौषाच्या आसपास तपासावं लागतं, तसंच इथे वर्षारंभापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७ आणि जानेवारीपासून ८ मिळवायचे.

हे न पाहता सरसकट ८ मिळवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. गलाव्देवोसच्या आधीचा राजा लेब्ना डेंगेल २ सप्टेंबर १५४० ला वारला. तो दिवस तिकडे १५३३ च्या मेस्करेमची ५ तारीख, नव्या वर्षाचा पाचवा दिवस. सरसकट ८ मिळवले की तो १५४१ मध्ये मरतो आणि गलाव्देवोसच्या राज्यातलं एक वर्ष गिळलं जातं. काही याद्यांत वर्ष जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेलं असतं. त्यातून ५५०० वजा केले की नेहमीचं इथिओपियन वर्ष मिळतं.

कॅल्कमध्ये तीन कॉलम घ्या: इथिओपियन वर्ष, महिना, दिनांक. चौथ्या कॉलममध्ये सूत्र असं: वर्षातून १ वजा करून ३६५ ने गुणा, त्यात वर्ष भागिले ४ चा पूर्णांक (इंट फंक्शन) मिळवा, महिन्याला ३० ने गुणून मिळवा, दिनांक मिळवा, शेवटी ६,९०,८२९ वजा करा. येणारा आकडा हाच कॅल्कचा दिवस-क्रमांक. सूत्र बरोबर बसलं का ते माहीत असलेल्या तारखांवर तपासून मगच खाली ओढा. १ मेस्करेम २००० ला ३९३३७ यायला हवं, तो दिवस १२ सप्टेंबर २००७. २ मेस्करेम १९६७ ला २७२८४, म्हणजे १२ सप्टेंबर १९७४, हैले सेलासींना पदावरून काढलं तो दिवस. १७ मेस्करेम १९०९ ला ६११५, म्हणजे २७ सप्टेंबर १९१६, लिज इयासूची पदच्युती. हे तिन्ही जुळले आणि अडवा (२३ येकातिट १८८८, सहावा महिना) उणे १३९९ आला, की सूत्रावर भरवसा ठेवा.

आकडे जुळले, पण तारखेचा फॉरमॅट दिल्यावर तिन्ही तारखा नेमक्या १४६२ दिवस पुढच्या दिसत असतील तर सूत्र ठीक आहे, सेटिंग बिघडलंय. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट इथे आधार-तारीख १९०४ ची निवडलेली असते तेव्हा क्रमांक आणि दाखवलेली तारीख यांत एवढा फरक पडतो. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये हे आधी बघावं, कारण आधार-तारीख फाइलबरोबर फिरते.

१५८२ पूर्वीच्या तारखांबाबत मात्र कॅल्कला गुण कापावे लागतात. १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधीची तारीख सेलमध्ये दिसते, पण ती ज्युलियन आहे की मागे ताणलेली ग्रेगोरियन, हे सेल सांगत नाही. तपासायचा सोपा उपाय आहे. गलाव्देवोस लढाईत पडला ती तारीख २७ मेगाबिट १५५१, सातवा महिना. सूत्रानं उणे १,२४,४५५ येतं. हा आकडा सेलमध्ये टाकून त्याला तारखेचा फॉरमॅट द्या. २३ मार्च १५५९ दिसलं तर तुमच्या फॉरमॅटमध्ये ज्युलियन चालू आहे, २ एप्रिल दिसलं तर ग्रेगोरियन. इतिहासाच्या पुस्तकांत २३ मार्चच येतं. आमचा सल्ला असा की १५८२ च्या मागे कॅल्कच्या तारीख-फॉरमॅटच्या नादी लागूच नये. दिवस-क्रमांक साधा आकडा म्हणून ठेवावा आणि ज्युलियन तारीख वेगळ्या तक्त्यावरून काढावी. तो तक्ता सरळ आहे, कारण ज्युलियन आणि इथिओपियन महिन्यांचं नातं कायमचं ठरलेलं: मेस्करेम २९ ऑगस्ट, टिकिम्ट २८ सप्टेंबर, हिदार २८ ऑक्टोबर, ताहसास २७ नोव्हेंबर, तिर २७ डिसेंबर, येकातिट २६ जानेवारी, मेगाबिट २५ फेब्रुवारी, मियाझ्या २७ मार्च, गिनबोट २६ एप्रिल, सेने २६ मे, हमले २५ जून, नेहासे २५ जुलै, पागुमे २४ ऑगस्ट. लूकच्या पुढच्या वर्षी मेगाबिटपर्यंतच्या आरंभांना एक दिवस पुढे सरकवायचं. १५८२ नंतर मात्र जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांतली तारीख ग्रेगोरियन असते, म्हणून सुसेन्योसच्या काळात एकाच घटनेला दहा दिवसांच्या फरकानं दोन तारखा सापडतात. ‘मूळ पंचांग कोणतं’ हा कॉलम त्यासाठीच हवा.

वार तपासण्याची सोय हा कॅल्कचा आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग. दिवस-क्रमांकाला मॉड फंक्शननं ७ ने भागा: बाकी ० आली की शनिवार, १ रविवार, असं पुढे ६ म्हणजे शुक्रवार. ऋण आकड्यांवरही उत्तर बरोबर येतं. अडवा रविवारी झाली, आणि उणे १३९९ ची बाकी १ येते. गलाव्देवोसच्या मृत्यूची बाकी ५, म्हणजे गुरुवार, आणि त्या वर्षी ज्युलियन ईस्टर २६ मार्चला होता, म्हणजे हा ईस्टरच्या आधीचा गुरुवार. बखरीत वार किंवा सण दिला असेल आणि तो जुळत नसेल तर आधी दिनांकावर संशय घ्या. गीझ या तिकडच्या जुन्या लिपीच्या अंकांत ६ आणि ७ ची चिन्हं दिसायला इतकी जवळची आहेत की नक्कल करताना हमखास घोळ होतो.

डेटा-व्हॅलिडिटी (सेलमध्ये काय टाकता येईल याची मर्यादा) लावून महिना १ ते १२ असा बांधून टाकणारे लोक असतात. मग पागुमे नाकारला जातो. झरा याकोब वारला २६ ऑगस्ट १४६८ ला, म्हणजे ३ पागुमे १४६० ला, आणि कॅल्क तुम्हालाच ‘चूक’ म्हणतं. मर्यादा १ ते १३ ठेवा.

शीटची मांडणी करताना एका राजाला एक ओळ देऊ नका, एका कारकिर्दीला एक ओळ द्या. तेक्ले गियोर्गिस पहिला १७७९ ते १८०० या काळात सहा वेळा गादीवर बसला. याकोब १५९७ ते १६०३, मध्ये झा डेंगेल, मग पुन्हा याकोब १६०७ पर्यंत. १२९४ ते १२९९ या पाच वर्षांत पाच नावं. आपल्या खान्देशच्या फारुकी सुलतानांचीही हीच गत: १५०८ च्या आसपास दाऊदखान गेला, गझनीखान थोडेच दिवस टिकला, मग आलमखान, मग आदिलखान तिसरा. ज्यानं थाळनेर-बुऱ्हाणपूरची यादी एकदा शीटमध्ये बसवलीय त्याला ‘प्रत्येक राजाला एक ओळ’ का फसतं हे सांगावं लागत नाही.

नावांसाठी किमान तीन कॉलम: जन्मनाव, राजनाम, आणि आपण वापरायचं ठरवलेलं नाव. लेब्ना डेंगेल हाच दावित दुसरा आणि हाच वनाग सगद. झरा याकोबचं राजनाम कोस्तांतिनोस. तेवोद्रोस दुसरा आणि योहान्नेस चौथा दोघेही मूळचे कासा. नुसत्या नावावर सॉर्ट किंवा व्ही-लुकअप लावलं की एकाची तारीख दुसऱ्याला चिकटते, म्हणून पहिल्या कॉलममध्ये स्वतःचा क्रमांक हवाच. नावं युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या फॉन्टमधून आणलेली यादी सॉर्ट होत नाही. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाका. आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटला तर तो मजकूर झालाय असं समजा.

सुरुवात आणि शेवट यांना प्रत्येकी दोन कॉलम ठेवावेत, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. दावित पहिल्याचा आरंभ कुठे १३८० तर कुठे १३८२ मिळतो. सरासरी काढून १३८१ लिहिणं हा अडाणीपणा आहे, कारण ते कुठल्याच साधनात नाही. शेवट कशानं झाला हेही लिहा. इयासू पहिला १७०६ च्या मार्चमध्ये पदावरून गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारला गेला. झरा याकोब १४३४ ला गादीवर आला, पण अक्सुममधला राज्याभिषेक १४३६ चा. लिज इयासूचा राज्याभिषेक झालाच नाही. ‘घोषणा, अभिषेक, पदच्युती, मृत्यू’ अशी ड्रॉपडाउन यादी व्हॅलिडिटीतूनच बनते, ती वापरा.

यादी कुठून सुरू करायची? १२७०, सॉलोमनी घराण्याचा पहिला राजा येकुनो अमलाक. त्याच्या मागे झाग्वे घराणं येतं आणि त्याला १३३ वर्षं देणाऱ्या आणि ३३३ वर्षं देणाऱ्या अशा दोन्ही परंपरा आहेत. तो भाग वेगळ्या शीटमध्ये घ्या. त्याही आधीच्या प्राचीन अक्सुम राज्याचे राजे नाण्यांवरून आणि शिलालेखांवरून ठरतात, परंपरेच्या याद्यांतून नाही. एझानाचं नाव लेखांत आणि नाण्यांवर ठळक आहे, याद्यांत मात्र त्याच्या जागी अब्रेहा-अत्सबेहा येतात. शेबाच्या राणीपासूनची सलग रांग एकाच शीटमध्ये घातली की कॅल्क तीही तितक्याच गंभीरपणे वजाबाकी करून दाखवतं. प्रोग्रॅमला काय कळणार!

मधल्या रिकाम्या जागा आणि एकावर एक आलेल्या कारकिर्दी शोधायला एक कॉलम पुरतो: पुढच्या ओळीच्या आरंभातून या ओळीचा शेवट वजा. ऋण आलं तर दोन राजे एकत्र, मोठं धन आलं तर मधला कुणी सुटलाय. कंडिशनल फॉरमॅटिंगनं दोन्हीला रंग द्या. १७६९ ते १८५५ या सरदारांच्या काळात शीट लालेलाल होते आणि ते बरोबरच आहे, रंग घालवण्यासाठी तारखा ओढूनताणून बसवू नका. कारकिर्दींची नुसती ‘इतकी वर्षं’ बेरीज करून काळ ठरवणंही टाळा; अर्धी वर्षं पूर्ण धरली जातात आणि दहा राजांत चार-पाच वर्षं सहज फुगतात.

तक्ते काढण्यात कॅल्क कमी पडतं. आडवा स्टॅक्ड बार घेऊन, पहिल्या मालिकेचा रंग काढून आणि अक्ष १२७० पासून सुरू करून कालपट्टी बनते, पण सहा कारकिर्दींचा राजा एका पट्टीवर दाखवायचा तर मालिका वाढवत बसावं लागतं. भिंतीवर लावायचा तक्ता हवा असेल तर तो दुसऱ्या प्रोग्रॅमात करा.

आणि एक. मूळ फाइल कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस फॉरमॅटमध्येच ठेवा. मार्गदर्शकांना एक्सेल हवं म्हणून एक्सएलएसएक्समध्ये दिली तर ऋण दिवस-क्रमांकांच्या तारखांच्या जागी नुसत्या हॅशच्या रांगा दिसतात. देण्यापूर्वी तारखांचा मजकूर-कॉलम वेगळा करून तोच पाठवा. सीएसव्ही उघडताना यूटीएफ-८ निवडा आणि तारखांच्या कॉलमला ‘टेक्स्ट’ सांगा.

पाचपैकी चार. एक गुण १५८२ पूर्वीच्या मुक्या सेलसाठी कापला.