ओईआयएस: मोठ्या आकड्यांचं वेड असेल तर वापरायलाच हवं

आधी हा आकडा बघा, 3608528850368400786036725. 25 अंकी आहे, दिसायला कुणी उगाच बोटं फिरवून टाईप केल्यासारखा, पण डावीकडून पहिले दोन अंक घ्या, 36, त्याला 2 ने भाग जातो, 360 ला 3 ने, 3608 ला 4 ने, 36085 ला 5 ने, असं करत करत अख्ख्या आकड्याला 25 ने, एकदाही बाकी उरत नाही! आणि पुढे 26 वा अंक कुठलाही लावा, 26 ने भाग जातच नाही. या जातीतला सगळ्यात मोठा आकडा हाच.

असलं काही शोधायचं असेल तर ओईआयएस, म्हणजे पूर्णांकांच्या सिक्वेन्सचा ऑनलाइन कोश, याला तोड नाही. गणितज्ञ नील स्लोन यांनी 1964 मध्ये विद्यार्थी असताना कार्डांवर नोंदी ठेवायला सुरुवात केली, 1973 ला त्याचं पुस्तक आलं, 1996 पासून वेबवर आहे आणि आता साडेतीन लाखांच्या वर सिक्वेन्स आहेत. सगळं फुकट, शोधायला अकाउंटही लागत नाही.

अशा आकड्यांना पॉलीडिव्हिजिबल म्हणतात, ते नाव इंग्रजीत टाकून शोधलं की वरच्या आकड्याचं सगळं खानदान सापडतं. हे कुठेतरी संपणार असं का वाटतं तेही बघण्यासारखं आहे, शेवटचा अंक 0 ते 9 बदलला की सलग 10 आकडे मिळतात, त्यामुळे 10 पर्यंत कुठल्याही संख्येच्या पाढ्यातला एक तरी त्यात येतोच, पण 11 पासून गॅरंटी संपली, आणि 25 पर्यंत पोचेस्तोवर दर 25 सलग आकड्यांत 25 च्या पाढ्यातला एकच आणि हातात 10 च, मग गळती होणारच ना.

मला सगळ्यात आवडतात ते क्रॉस रेफरन्स. एका सिक्वेन्सवरून दुसऱ्यावर जाता जाता 73939133 भेटतो, उजवीकडून एकेक अंक काढत जा, शेवटी 7 उरेपर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच, आणि असा याहून मोठा नाही. डावीकडून खोडायचं असेल तर शून्य न वापरता 357686312646216567629137 पर्यंत जाता येतं, तब्बल 24 अंक!

तक्रारी आहेत. पान जुन्या वळणाचं, मजकूर गच्च, मोबाईलवर लांब आकडे वाचताना डोळे दुखतात. मोठी अडचण म्हणजे लांबलचक सिक्वेन्सचे मुख्य पानावर सुरुवातीचेच आकडे असतात, बाकीचे वेगळ्या फाईलमध्ये, त्यामुळे पुढचा एखादा मोठा आकडा सर्चमध्ये आला नाही तर त्यात काही खास नाही असं समजू नका, गुणधर्माच्या नावाने पण शोधा. आणि आकडा टाकताना मधे स्वल्पविराम देऊ नका, ते एकापुढे एक वेगळे आकडे धरले जातात.