टेस्टोस्टेरॉनचं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

माझं वय 46. राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत. मागच्या वर्षी थकवा इतका वाढला की शिफ्ट संपवून घरी आलो की बोलायचीही ताकद उरत नसे. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 180 आणि 195 आलं, ते साधारण 300 च्या वर हवं. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वगैरे बघून दर तीन आठवड्यांनी 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं.

पहिला आठवडा छान जायचा. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच मरगळ आणि वर चिडचिड. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला असं वरखाली होतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून डोस किंवा अंतर बदलू." मला तेवढा धीर धरवला नाही. मोबाइलवर जाहिरात दिसली आणि गंगापूर रोडच्या एका क्लिनिकमध्ये गेलो.

तिथे संध्याकाळी सहाला लगेच रक्त घेतलं. माझं पुढचं इंजेक्शन दुसऱ्याच दिवशी होतं. रिपोर्ट 240. कोट घातलेला माणूस म्हणाला, "बघा सर, तुम्हाला औषध लागूच होत नाहीये." खरी फसवणूक इथेच झाली, आणि मला ती कळलीसुद्धा नाही. या इंजेक्शनची पातळी पहिल्या काही दिवसांत चढते आणि शेवटच्या दिवशी तळाला जाते. म्हणून तपासणी दोन इंजेक्शनांच्या मधोमध, सकाळी करतात. त्यांनी तळाचा दिवस धरला, वर संध्याकाळची वेळ, आणि तो कमी आकडा दाखवून मला पॅकेज विकलं.

तीन महिन्यांचे 62,000 रुपये. 40,000 एका खासगी नंबरवर यूपीआयने, उरलेले रोख. बिल मागितलं तर "शेवटी एकदम देऊ." इंजेक्शन दर आठवड्याला, शिवाय एक 'इम्पोर्टेड बूस्टर'. त्याची बाटली एकदा मी हातात घेतली. लेबल तिरकं चिकटवलेलं होतं, कडेने खालचं दुसरं लेबल डोकावत होतं, बॅच नंबरच्या जागी नुसता पुसट डाग. मी ती तशीच परत दिली. हे आजही मनाला लागतं.

दोन महिन्यांत माझा चेहरा लालबुंद दिसायला लागला, डोकं ठणकायचं. मोजे काढले की घोट्यावर रबराचा खोल वळ राहायचा. एका रात्री बोटातली अंगठी निघेना, हिने साबण लावून काढली आणि म्हणाली, "उद्या पहिल्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, 57 निघालं. सुरुवातीला 46 होतं. 54 च्या वर गेलं की इंजेक्शन थांबवतात, कारण रक्त घट्ट होतं आणि गाठीचा धोका वाढतो. क्लिनिकमध्ये दोन महिन्यांत एकदाही सीबीसी केली नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत. इंजेक्शन बंद केलं आणि आकडा खाली येईपर्यंत दर काही आठवड्यांनी रक्त तपासलं.

गंगापूर रोडच्या त्या क्लिनिकच्या वेटिंगमध्ये माझ्या शेजारी एक पोरगा बसायचा. अठ्ठावीसेक वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. त्याला मूल हवं होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीरातलं शुक्राणू तयार होणं दबतं, कधीकधी पूर्ण थांबतं. हे त्याला कुणी सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. मूल हवं असेल तर इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा, कृपा करून सांगा.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा "पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे" एवढंच उत्तर मिळालं. यूपीआयचा स्क्रीनशॉट, दोन्ही रिपोर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आधी फोन करून विचारता येतं. रोख दिलेल्या 22,000 चा माझ्याकडे कसलाच पुरावा नाही.

आता पुन्हा मूळच्या डॉक्टरांकडे, कमी डोसवर. औषध मेडिकलमधून चिठ्ठी दाखवून घेतो आणि बिलावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळवून बघतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर इंजेक्शनची तारीख हिने लाल पेनाने लिहिली आहे, आणि दोन लाल तारखांच्या बरोबर मधोमध निळ्याने: "रक्त, सकाळी 8, उपाशी."